पदरमोडीच्या तबकड्या

संगीताचा इतिहास सांगतांना आपण बहुधा गायकवादकांचीं नांवें, त्यांची परंपरा आणि त्यांची शैली यांचाच विचार करतों. तबकडी कोणाच्या पैशानें निघाली, ती दुकानापर्यंत कोणीं पोंचविली आणि तिच्या विक्रीचा हिशेब कोणाच्या वहींत लिहिला गेला, हे प्रश्न रसिकांचे नसून वाण्याउदम्यांचे आहेत, अशी आपली समजूत असते. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत एक असें संगीत उदयास आलें कीं, त्याचा इतिहास ह्या प्रश्नांवांचून सांगतांच येत नाहीं. त्या संगीतास 'पंक' म्हणतात. त्याच्या भोंवतीं वाढलेल्या शाखांना 'इंडी' आणि 'अंडरग्राउंड' अशीं नांवें आहेत. आजच्या भाषणांत ह्या संगीताचा थोडा इतिहास सांगून, आपल्या घरीं अवश्य ऐकाव्या अशा सहा ध्वनिमुद्रिका मी सुचविणार आहें.

प्रथमच एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. 'पंक' ह्या शब्दाचा रूढ अर्थ टाकाऊ किंवा उडाणटप्पू असा आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून ह्या संगीताची ओळख रंगविलेले केंस, कपड्यांना टोंचलेल्या पिना आणि कानठळ्या बसविणारा गोंगाट एवढ्यापुरतीच असते. ती ओळख सर्वस्वी खोटी आहे असें मी म्हणणार नाहीं. ह्या चळवळींत गोंगाट होता, शिवीगाळ होती आणि अनुकरणांतून निघालेला निकस मालही पुष्कळ होता. परंतु मी पुढें सांगणार आहें त्या सहा ध्वनिमुद्रिका ओळीनें ऐकल्या, तर त्यांचा आवाज एकमेकींशीं जुळत नाहीं, हें कोणाच्याही ध्यानांत येईल. एक कर्कश आहे, तर दुसरी कुजबुजीइतकी हळू. एकींत व्हायोलिन आहे, तर दुसरींत चाळीसांवर छोटीं छोटीं गाणीं. त्यांना एकत्र बांधणारा धागा स्वरांत सांपडत नाहीं. तो सांपडतो त्यांच्या जमाखर्चांत. थोड्या माणसांना, थोड्या पैशांत, कोणाची परवानगी न मागतां काय करतां येतें, ह्याचा तो जमाखर्च आहे.

१९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रॉक संगीत हा मोठ्या भांडवलाचा व्यवसाय बनला होता. एकेका लाँग-प्ले तबकडीसाठीं नामांकित मंडळी स्टुडिओंत महिनेच्या महिने घालवीत, आणि त्यांचे कार्यक्रम क्रीडांगणांत होत. तबकड्या काढणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच होत्या. त्यांपैकीं इंग्लंडांतील 'ई. एम. आय.' ही एक. भारतांतील ग्रामोफोन कंपनी तिच्याच अधिपत्याखालीं होती, आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवरील कुत्र्याचें चित्र आपल्याकडील घराघरांत परिचयाचें होतें. ज्याला गावयाचें असेल त्यानें कंपनीच्या दारांत उभें राहावें. तिनें निवडलें तर तबकडी निघावी, न निवडलें तर मुकाट्यानें घरीं जावें, ही रीत जशी इकडे तशीच तिकडे होती.

ह्या रीतीला पहिला धक्का न्यूयॉर्क शहरांत बसला. बॉवरी नांवाच्या दरिद्री वस्तींत हिली क्रिस्टल ह्या गृहस्थानें डिसेंबर १९७३ मध्यें 'सी. बी. जी. बी.' नांवाचें एक मद्यगृह उघडलें. तेथें वाजविणाऱ्या बँडांना त्याची एक अट असे: वाजवावीं तीं स्वतःचीं गाणीं, दुसऱ्यांच्या लोकप्रिय गाण्यांची नक्कल चालणार नाहीं. क्वीन्स भागांतील फॉरेस्ट हिल्स येथील चार तरुण ह्या मद्यगृहांत 'रामोन्स' ह्या नांवानें वाजवूं लागले. परस्परांशीं नातें नसतांही चौघांनीं रामोन हेंच आडनांव धारण केलें होतें. त्यांची 'रामोन्स' हीच पहिली तबकडी एप्रिल १९७६ मध्यें प्रसिद्ध झाली. ती सुमारें आठवड्याभरांत, अवघ्या ६,४०० डॉलरांत ध्वनिमुद्रित झाली होती. तींत १४ गाणीं आहेत आणि तीं सर्व मिळून अर्धा तासही भरत नाहीं. वादकाला आपलें कौशल्य मिरविण्यासाठीं राखून ठेवलेली जागा तींत कोठेंच नाहीं. गिटारचा आघात सतत एकाच दिशेनें, वरून खालीं होत राहतो, आणि त्या घणाघाती लयीखालीं लक्ष देऊन ऐकलें, तर पूर्वीच्या दशकांतील मुलींच्या गायनमंडळ्यांच्या गोड चाली स्पष्ट ओळखूं येतात. कर्कशपणाच्या पोटांत असलेली ही गोडी ऐकावयास मिळते, म्हणून आरंभ ह्या तबकडीपासून करावा.

हें वारें लंडनला पोंचलें तेव्हां मोठ्या कंपन्याही जाग्या झाल्या. ऑक्टोबर १९७६ मध्यें ई. एम. आय.नें 'सेक्स पिस्टल्स' ह्या बँडशीं करार केला. दूरचित्रवाणीवरील त्यांच्या अपशब्दांनीं गदारोळ उठतांच जानेवारी १९७७ मध्यें तो मोडलाही. त्याच जानेवारींत 'सी. बी. एस.' कंपनीनें 'द क्लॅश' ह्या बँडशीं करार केला. त्याची रक्कम १,००,००० पौंड होती असें सर्वत्र नमूद आहे. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस, लंडनपासून दूर मँचेस्टर येथें, ५०० पौंड उसने घेऊन काढलेली एक छोटी तबकडी बाहेर पडली. माझ्या मतें ह्या सबंध इतिहासांतील निर्णायक घटना ती हीच होय.

बोल्टन येथील तंत्रशिक्षणसंस्थेंतील हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली ह्या दोन विद्यार्थ्यांनीं ४ जून १९७६ रोजीं सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम मँचेस्टरला घडवून आणला होता. सभागृह लहान आणि श्रोते थोडके. परंतु त्या थोडक्यांतूनच पुढें कित्येक बँड निर्माण झाले. ह्या दोघांच्या बँडचें नांव 'बझकॉक्स'. कंपनीची वाट न पाहतां त्यांनीं मित्रांकडून व घरच्यांकडून पैसे जमविले, २८ डिसेंबर १९७६ रोजीं कांहीं तासांत चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं आणि 'न्यू हॉर्मोन्स' असें स्वतःच्याच संस्थेचें नांव ठेवून १,००० प्रती काढल्या. 'स्पायरल स्क्रॅच' हें त्या तबकडीचें नांव. वेष्टनावरील छायाचित्र त्यांच्याच एका सहकाऱ्यानें पोलरॉइड कॅमेऱ्यानें काढलेलें होतें. कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत उतरलें आणि मागाहून त्यांत कांहीं भर घातली कीं नाहीं, हेंही वेष्टनावर छापलें होतें. हजार प्रती खपतील कीं नाहीं अशी शंका होती. पुढें १६,००० खपल्या. ही माझी दुसरी शिफारस. हिच्यांतील 'बोअरडम' ह्या गाण्यांत गिटारचा एक एकल तुकडा आहे. त्यांत स्वर दोनच, आणि तेच पुनःपुन्हां येतात. कंटाळा हाच ज्या गाण्याचा विषय, त्यांत ह्याहून समर्पक अलंकार दुसरा कोणता असणार? कौशल्याचा अभाव आणि कौशल्याचा संयम ह्यांतील भेद ज्याला कळतो, त्याला ह्या दोन स्वरांची किंमत कळेल.

वेष्टनावर तपशील छापण्याची ही कल्पना येथेंच थांबली नाहीं. 'डेस्परेट बायसिकल्स' नांवाच्या मंडळींनीं १९७७ मध्यें काढलेल्या पहिल्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर तींच दोन गाणीं होतीं. ही काटकसरच होती, आणि आपल्या तबकड्यांतून ते श्रोत्यांना उघड सांगत कीं, हें काम सोपें व स्वस्त आहे, तुम्हीही करून पाहा. १९७८ मध्यें 'स्क्रिटी पॉलिटी' ह्या बँडनें तर आपल्या तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचा, साच्याचा, प्रतींचा व लेबलांचा खर्च आंकड्यांनिशीं छापला. धंद्याचें गुपित चवाठ्यावर मांडण्याचा हा प्रकार व्यापाराच्या इतिहासांत विरळाच. ह्याच सुमारास हस्तलिखितवजा नियतकालिकांची लाट आली होती. मार्क पेरी ह्या बँकेंतील कारकुनानें जुलै १९७६ मध्यें 'स्निफिन् ग्लू' हें पत्र टंकलेखन करून, मथळे हातानें लिहून आणि पानांच्या छायाप्रती काढून सुरूं केलें. १९६० नंतरच्या दशकांत मुंबईंत सायक्लोस्टाइल करून हातोहात वांटलेलीं मराठी लघुअनियतकालिकें ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ह्या पत्राचें रूप व त्यामागील ईर्षा ओळखीची वाटेल.

तबकडी काढणें सोपें झालें तरी ती विकणें सोपें नव्हतें. ही अडचण दोन मार्गांनीं दूर झाली. पश्चिम लंडनमधील केन्सिंग्टन पार्क रोडवर जेफ ट्रॅव्हिस यांनीं १९७६ च्या फेब्रुवारींत 'रफ ट्रेड' नांवाचें दुकान उघडलें होतें. हें दुकान असल्या तबकड्या ठेवून घेई, टपालानें इतर दुकानांस पाठवी, आणि १९७८ पासून स्वतःही तबकड्या काढूं लागलें. नफा कलावंतांशीं निम्मानिम्म वांटावा असा त्याचा परिपाठ होता. पुढें यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, नॉर्विच अशा ठिकाणच्या व्यापाऱ्यांनीं त्याच्याशीं मिळून 'द कार्टेल' ह्या नांवाची वितरणव्यवस्था उभारली. जानेवारी १९८० मध्यें स्वतंत्र तबकड्यांची निराळी विक्रीयादी छापली जाऊं लागली. तींत स्थान मिळण्यास संगीताचा प्रकार पाहिला जात नसे. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून तबकडी आली पाहिजे, एवढीच अट. 'इंडी' हा शब्द 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतंत्र ह्या शब्दाचा संक्षेप आहे, आणि आरंभीं त्याचा अर्थ हा असा निव्वळ व्यवहारी होता.

दुसरा मार्ग म्हणजे नभोवाणी. बी. बी. सी.चे जॉन पील हे १९६७ पासून २००४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत रात्रीच्या वेळीं कोणाच्याही तबकड्या, केवळ त्या आवडल्या म्हणून, लावीत असत. ज्यांना तबकडी काढण्याचीही ऐपत नव्हती अशांना बोलावून बी. बी. सी.च्या स्टुडिओंत त्यांचीं गाणीं मुद्रित केलीं जात; अशा मुद्रणांची संख्या ४,००० वर गेली. उत्तर आयर्लंडांत बाँबस्फोट चालूं असतांना टेरी हूली नांवाच्या बेलफास्टमधील दुकानदारानें 'गुड व्हायब्रेशन्स' ह्या आपल्या संस्थेतर्फे १९७८ मध्यें डेरी गांवच्या 'अंडरटोन्स' ह्या तरुणांची तबकडी काढली. पील यांनीं तिच्यांतील 'टीनेज किक्स' हें गाणें लागोपाठ दोनदां वाजविलें. प्रचाराला एक पैसाही खर्च न होतां एका रात्रींत तें गाणें सबंध देशाच्या कानीं पडलें. सरकारी सनदेवर चालणाऱ्या संस्थेंत एका माणसाची चोखंदळ आवड किती काम करूं शकते, ह्याचें हें उदाहरण नभोवाणीच्या श्रोत्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां तिसरी ध्वनिमुद्रिका. रफ ट्रेडनेंच १९७९ मध्यें काढलेली 'द रेनकोट्स' ही ती होय. ह्या नांवाचा बँड सर्वस्वी स्त्रियांचा होता. माडेरा बेटावरची ॲना द सिल्वा आणि नॉटिंगहॅमची जीना बर्च ह्या दोघी लंडनच्या कलाशाळेंत भेटल्या. स्पेनची पालोमा रोमेरो ड्रम वाजवी आणि व्हिकी ॲस्पिनॉल व्हायोलिन. ह्या तबकडींत ताल अधूनमधून ढळतो, पुन्हां सांवरतो. आवाज एकमेकांच्या मागून धांवतात. व्हायोलिन सुरेलपणाची हमी देत नाहीं, उलट खरखरतें. परंतु चार मैत्रिणींच्या संभाषणाची जी गति असते, ती ह्या वादनांत जशी उतरली आहे तशी घोटून तयार केलेल्या वादनांत क्वचितच उतरते. ही तबकडी पुढें बाजारांतून नाहींशी झाली. १९९२ मध्यें 'निर्व्हाना' ह्या जगप्रसिद्ध अमेरिकन बँडचा कर्ट कोबेन आपली झिजलेली प्रत बदलण्यासाठीं लंडनच्या रफ ट्रेड दुकानांत आला. दुकानांत तबकडी नव्हती. त्याला जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचा पत्ता देण्यांत आला. तेथें काम करीत होत्या स्वतः ॲना द सिल्वा. ह्या भेटीनंतर ती तबकडी पुन्हां निघाली आणि बँडही पुन्हां वाजवूं लागला.

चौथी ध्वनिमुद्रिका गोंगाटाचा आक्षेप घेणाऱ्यांसाठीं मी मुद्दाम राखून ठेवली होती. वेल्सच्या कार्डिफ शहरांतील 'यंग मार्बल जायंट्स' ह्या तिघांच्या बँडनें १९८० मध्यें 'कलॉसल यूथ' ही आपली एकमेव लाँग-प्ले तबकडी रफ ट्रेडतर्फे दिली. ॲलिसन स्टॅटन गाते, ती शेजारच्या खोलींत कोणी झोंपलें असावें अशा बेतानें. स्टुअर्ट मॉक्सम यांची गिटार व ऑर्गन, फिलिप मॉक्सम यांची बेस गिटार आणि ध्वनिफितीवरील यांत्रिक तालाची टिकटिक, एवढाच काय तो संभार. दोन स्वरांमधील शांतता हें जणूं चौथें वाद्य आहे. ध्वनिमुद्रण पांच दिवसांत झालें आणि वर्ष संपण्यापूर्वींच बँड मोडला. आरडाओरड करणाऱ्या चळवळींतून ही शांत कृति निघाली ह्यांत विसंगति नाहीं; कोणाच्या सांगण्यावरून आवाज वाढवावयाचा नाहीं, हाही स्वातंत्र्याचाच एक प्रकार होय.

अमेरिकेंत हीच गोष्ट निराळ्या परिस्थितींत घडली. तो देश विस्तीर्ण. तेथें पील यांच्यासारखा सबंध राष्ट्राला ऐकूं जाणारा आवाज नव्हता. तेथील तरुणांनीं जुनाट मोटारगाड्यांतून हजारों मैल हिंडून गांवोगांवीं कार्यक्रम केले. लॉस एंजेलिसचें बंदर असलेल्या सॅन पेड्रो गांवचे डी. बून, माइक वॉट आणि जॉर्ज हर्ली यांचा 'मिनिटमेन' हा बँड ह्या पंथाचा आदर्श होय. सामान आपणच उचलावें, कोठें तरी जमिनीवर झोंपावें आणि स्टुडिओचा एकही क्षण वायां घालवूं नये, असा त्यांचा बाणा. १९८४ मध्यें त्यांनीं 'डबल निकल्स ऑन द डाइम' ही जोडतबकडी काढली. तिचा मुद्रणखर्च सुमारें १,१०० डॉलर. तिच्या तीन बाजूंवरील गाणीं तिघांनीं एकेक निवडलीं आणि उरलेल्या चौथ्या बाजूस विनोदानें 'भूस' असें नांव दिलें. त्या भुसांतही धान्य पुष्कळ आहे. युद्ध, इतिहास, मजुरी आणि मैत्री असे विषय एकेका दीड मिनिटाच्या गाण्यांत येतात, आणि वादनांत जाझचा चपळपणा आहे. ही माझी पांचवी शिफारस. २२ डिसेंबर १९८५ रोजीं ॲरिझोनाच्या वाळवंटांत मोटारअपघातांत डी. बून मृत्यु पावला. त्याचें वय २७ होतें. त्याबरोबर बँडही संपला.

सहावी ध्वनिमुद्रिका वॉशिंग्टनची. तेथील 'टीन आयडल्स' हा शाळकरी वयाच्या मुलांचा बँड १९८० मध्यें मोडला तेव्हां त्यांच्यापाशीं कार्यक्रमांतून सांठलेले थोडे पैसे होते. ते वांटून न घेतां त्यांनीं त्यांची तबकडी काढावयाचें ठरविलें. इंग्लंडहून आलेल्या एका तबकडीचें वेष्टन उकलून त्याचा नमुना घेतला, तसे कागद छापवून आणले आणि घरीं बसून कात्री व गोंद घेऊन हजार वेष्टनें हातानें तयार केलीं. इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन यांची 'डिस्कॉर्ड' ही संस्था अशी सुरूं झाली. मॅकाय यांच्या 'फुगाझी' ह्या पुढच्या बँडनें १९९० मध्यें 'रिपीटर' ही तबकडी दिली. तींत दोन गिटारी सवालजबाब करतात आणि बेस गिटार व ड्रम लय धरून ठेवतात. विकत घेण्याच्या आणि विकले जाण्याच्या वृत्तीची झडती हा तिचा मुख्य विषय. बोलण्याप्रमाणेंच ह्या मंडळींची वागणूक होती. कार्यक्रमाचा दर शक्यतों ५ डॉलर ठेवावा, कोणत्याही वयाच्या श्रोत्यास प्रवेश असावा आणि बँडच्या नांवाचे सदरे वगैरे विकूं नयेत, हे नियम त्यांनीं कीर्ति वाढल्यावरही पाळले.

ह्या इतिहासाची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. सचोटीनें उभारलेल्या संस्था हिशेबानें बुडाल्याही. १९९१ मध्यें रफ ट्रेडची वितरणसंस्था कोसळली आणि तिच्यावर विसंबून असलेल्या कित्येक लहान संस्थांचे पैसे अडकले. १९९२ मध्यें मँचेस्टरची नामांकित 'फॅक्टरी' ही संस्था दिवाळ्यांत निघाली. सी. बी. जी. बी. २००६ मध्यें बंद पडलें. रामोन्सच्या त्या पहिल्या तबकडीचा अमेरिकेंतील खप ५,००,००० वर गेल्याचें प्रशस्तिपत्र २०१४ मध्यें मिळालें, म्हणजे ती निघाल्यावर ३८ वर्षांनीं; तोंवर मूळच्या चौघांपैकीं तिघे निवर्तले होते आणि चौथाही त्याच वर्षीं गेला. स्वतंत्र राहण्याचें मोल ज्यांनीं दिलें, त्यांना त्याचें फळ वेळेवर मिळालेंच असें नाहीं.

मग ह्या खटाटोपांतून हातीं काय राहिलें? आज तबकडी न काढतांही कोणाचेंही गाणें क्षणांत जगभर पोंचतें; त्या अर्थीं बझकॉक्सच्या ५०० पौंडांची अडचण आतां उरलेली नाहीं. परंतु गाणें किती वेळां ऐकलें गेलें, त्याचे किती पैसे आले आणि ते कोणाला मिळाले, हा हिशेब पुन्हां थोड्याशा बलाढ्य कंपन्यांच्या वहींत गेला आहे, आणि ती वही श्रोत्याला दिसत नाहीं. वेष्टनावर जमाखर्च छापणाऱ्या त्या मुलांचें महत्त्व म्हणूनच आज वाढलें आहे. त्यांनीं श्रोत्याला गिऱ्हाईक न मानतां उद्यांचा सहव्यवसायी मानलें.

तेव्हां ह्या सहा ध्वनिमुद्रिका काळाच्या क्रमानें, दर आठवड्यास एक अशा बेतानें ऐकाव्या. पहिल्या खेपेस मत बनविण्याची घाई करूं नये. निदान तिसऱ्या खेपेपर्यंत थांबावें. घरांतील तरुण मंडळींना त्यांपैकीं एखादी आवडली आणि त्यांनीं दिवाणखान्यांत गिटार व ढोलकें आणून मांडलें, तर वडील माणसांनीं थोडा गोंगाट सोसावा, आणि खर्च किती आला तें मात्र त्यांना वहींत लिहून ठेवावयास सांगावें.